आईचा तंबोरा आणि माझं विमान

पार्सल आलं तेव्हा आई दारात होती. तिनेच सही केली, तिनेच हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, "परत पायाने दाबायचं काहीतरी आलंय तुझं." माझ्याकडे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची आधीची तीन पेडलं आहेत, एक डिस्टॉर्शन (आवाज फाडणारं), एक डिले (प्रतिध्वनी देणारं), एक लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून परत परत ऐकवणारं), आणि तिन्ही आली तेव्हा मी घरात छातीठोकपणे सांगितलं होतं की आता बास, आता काही लागत नाही. त्यामुळे ह्या चौथ्याबद्दल, म्हणजे फ्लँजरबद्दल, मी काही बोललोच नाही. बॉक्स घेतला आणि आतल्या खोलीत गेलो.

फ्लँजर का घेतला ह्याला खरं म्हणजे उत्तर नाही. गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात कमी वापरलं जाणारं पेडल कुठलं, तर दहातले सात जण फ्लँजर म्हणतील (हा माझा अंदाज, सर्व्हे वगैरे काही नाही). लोक घेतात, आठवडाभर विमान उडवतात (आवाज तसाच येतो) आणि मग विकतात. मला हे सगळं माहीत होतं. तरी घेतला, कारण ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांमधला तो गिटारचा गिरक्या घेणारा, ओलसर आवाज कॉलेजपासून डोक्यात बसलाय, आणि चाळिशी जवळ आली की माणूस कॉलेजात न घेतलेल्या वस्तू घ्यायला लागतो, काही जण बुलेट घेतात, मी हे घेतलं, माझं स्वस्तात भागलं.

चार नॉब. मॅन्युअल (आवाज कुठल्या जागी फिरायचा), विड्थ (किती फिरायचा), स्पीड (किती वेगाने), रीजेन (फिरलेला आवाज परत आत सोडून धार वाढवायची). पहिल्या दिवशी जगातला प्रत्येक माणूस जे करतो तेच मी केलं, चारही नॉब उजवीकडे पूर्ण पिळले, डिस्टॉर्शन चालू केलं आणि एक ई कॉर्ड हाणला. शूऽऽऽऊंऊंऽऽ. विमान. परत हाणला. परत विमान. बायको दारातून डोकावून म्हणाली छान आहे, म्हणजे ज्या आवाजात पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईला छान म्हणतात त्या आवाजात. वीस मिनिटांत मला कंटाळा आला. खरंच सांगतो, पूर्ण कंटाळा. स्पीड कमी केला की सावकाश विमान, जास्त केला की पाण्यात बुडून कुणीतरी गुळण्या करतंय असं, एवढंच. रात्री झोपताना विकताना किती येतील ह्याचा हिशोब डोक्यात सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी नुसतं विकायच्या आधी एकदा म्हणून परत लावलं आणि ह्यावेळी उलटीकडून सुरुवात केली, सगळं शून्यावर. विड्थ शून्य म्हणजे आवाज फिरणारच नाही, जिथे आहे तिथे गोठून राहील. मग फक्त मॅन्युअलचा नॉब हाताने हळूहळू फिरवायला लागलो. आणि तिथे मजा आली. एका जागी गिटार पत्र्याच्या डब्यात वाजतेय, थोडं पुढे गेलो तर पीव्हीसी पाइपातून, आणखी पुढे तर जिन्याखालच्या रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणी बोलतंय असं. तार तीच, सूर तोच, फक्त आवाजातले काही काही तुकडे कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखे.

आता इथे एक कबुली. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. दरवर्षी सुपरपोझिशनचा चॅप्टर घेतो, फळ्यावर दोन लाटा काढतो, शिखरावर शिखर आलं की बेरीज, शिखरावर दरी आली की सगळं शून्य, पाथ डिफरन्स लॅम्डा बाय टू, पोरं वहीत उतरवतात, मी पण न बघता लिहू शकतो एवढं पाठ आहे. आणि हे पेडल आत नेमकं तेच करतं हे मला हातात नॉब धरून बसल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. अकरा वर्षं शिकवतोय राव.

फ्लँजर तुमच्या आवाजाची एक कॉपी काढतो, तिला किंचित उशीर करतो आणि मूळ आवाजात परत मिसळतो. बास. उशीर किती, तर साधारण एक ते दहा मिलिसेकंद, कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळणारच नाही एवढा. समजा एक मिलिसेकंद उशीर आहे. तर ५०० हर्ट्झच्या लाटेला तेवढ्या वेळात बरोबर अर्धी फेरी होते, म्हणजे मूळ लाट वर असताना कॉपी खाली, दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तसंच १५०० ला, २५०० ला, ३५०० ला. आणि मधल्या १०००, २०००, ३००० ला दोघी हातात हात घालून दुप्पट होतात. ग्राफ काढला तर फणीच्या दातांसारखा दिसतो, म्हणून इंजिनिअर लोक त्याला कॉम्ब फिल्टर म्हणतात. उशीर पाच मिलिसेकंद केला तर पहिली खाच १०० ला येते, मग ३००, ५००, दात एकदम दाट, उवांच्या फणीसारखे. आणि उशीर सतत कमीजास्त करत राहिलो की अख्खी फणी आवाजातून वरखाली फिरते, ते ते शूऽऽऊं. म्हणजे आपण जे ऐकतो आणि वा म्हणतो तो आवाज पेडलने नवीन स्वर घातल्यामुळे येत नाही, जे गायब झालंय ते गायब होण्याची जागा सरकत असते, ते आपल्याला ऐकू येतं. डिस्टॉर्शनवर जास्त भारी का वाटतं तेही मग कळलं, साध्या आवाजात वरचे स्वर कमी असतात, फणीला विंचरायला केसच नाहीत, डिस्टॉर्शन लावलं की जटा.

विमानासारखा आवाज असं सगळेच म्हणतात, पण विमानाचा तरी आवाज तसा का येतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि तेही पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून हाकेच्या अंतरावर राहून. आमच्याकडे विमानं म्हणजे दुसरीकडे रिक्षा असतात तशी. प्रवासी विमानं आणि एअर फोर्सची सुखोई एकाच धावपट्टीवरून उडतात. सुखोई गेलं की लेक्चर थांबवायचं, पोरं घड्याळात बघतात, गेलं की पुढचं वाक्य, सवय आहे.

तर मी गच्चीवर गेलो. डोक्यात हिशोब असा होता की विमानाचा आवाज माझ्या कानाला दोनदा येतो, एकदा सरळ आणि एकदा गच्चीच्या फरशीवर आपटून. दुसरा थोडा लांबचा रस्ता, म्हणून थोडा उशीर. माझा कान जमिनीपासून साधारण १.६ मीटर उंच, विमान बरोबर डोक्यावर असेल तर आवाज कानावरून खाली जाऊन परत वर येणार म्हणजे ३.२ मीटर जास्त, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर नऊ-साडेनऊ मिलिसेकंद. फ्लँजरची रेंज! निसर्गाने, म्हणजे निसर्ग अधिक बिल्डरने, तीच रेंज दिलीय. विमान लांब क्षितिजाजवळ असतं तेव्हा दोन्ही रस्ते जवळजवळ सारखेच म्हणून उशीर कमी, ते डोक्यावर येईपर्यंत उशीर वाढत जातो, पुढे गेलं की परत कमी. म्हणजे तो शूऽऽ आधी खाली उतरला पाहिजे आणि विमान पुढे गेल्यावर परत वर चढला पाहिजे. शाळेपासून शिकवलेल्या डॉपलरच्या बरोबर उलटा पॅटर्न, डॉपलरमध्ये जवळ येणाऱ्या वस्तूचा सूर उंच आणि लांब जाताना तो पडतो, इथे लांब जाताना चढतो.

साडेसातच्या सुमारास एक प्रवासी विमान आलं. आणि खरंच. उतरला आणि चढला. आयुष्यभर ऐकलेला आवाज, पण तो चढतो हे मी कधी ऐकलंच नव्हतं, कारण डोक्यात डॉपलर बसलेला.

पुढच्या विमानाला मी उभ्याचा उकिडवा बसलो. कान खाली आला, उशीर अर्धा झाला, तर शूऽऽ टुणकन वर गेला पाहिजे. गेला! परत उभा राहिलो, खाली आला. बसलो, वर. म्हणजे मी स्वतःच मॅन्युअलचा नॉब झालो होतो. तिसऱ्या विमानाला सरळ आडवा झालो आणि कान फरशीला टेकवला, उशीर जवळजवळ शून्य, आणि गिरकी गायब, राहिला नुसता घुर्रर्र. वाळत घातलेले कपडे काढायला आई वर आली तेव्हा मी ह्या अवस्थेत होतो. ती घाबरली, तिला वाटलं कमरेत उसण भरली. "अगं विमान ऐकतोय" असं म्हटल्यावर तिने जी नजर दिली ती मी इथे लिहू शकत नाही.

नंतर वाचताना कळलं की हे प्रकरण फार जुनं आहे. ख्रिस्तियान ह्युगेन्स, तोच तो आमच्या फिजिक्सच्या पुस्तकातला वेव्हफ्रंटवाला डच शास्त्रज्ञ, ह्याने १६९३ मध्ये हे लिहून ठेवलंय. तो एकदा फ्रान्समधल्या शाँतीयीच्या राजवाड्याच्या बागेत कारंज्याजवळ उभा होता, समोर दगडी पायऱ्या, आणि त्याच्या लक्षात आलं की पाण्याच्या नुसत्या खळखळाटातून एक स्पष्ट सूर ऐकू येतोय. पायऱ्यांवरून आवाज परत येताना प्रत्येक पायरीचा थोडा थोडा उशीर. त्याने कागदाची नळी करून तिची लांबी पायरीच्या रुंदीएवढी ठेवून सूर जुळवून बघितला. त्यावेळी बागेतल्या माळ्यांनी त्याच्याकडे आईसारखंच बघितलं असणार.

स्टुडिओत हे आलं ते टेपमुळे. एकच गाणं दोन टेप मशीनवर एकदम लावायचं आणि एका मशीनच्या रिळाच्या कडेवर बोट हलकेच टेकवायचं, ती किंचित मागे पडते, बोट काढून दुसरीवर टेकवलं की ती मागे पडते, आणि दोघींच्या मध्ये तो शूऽऽ. रिळाची ती कड म्हणजे इंग्रजीत फ्लँज, म्हणून नाव फ्लँजर. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने फार आधी असले खेळ केले होते, टोनी फिशर नावाच्या गायिकेच्या १९५९ च्या एका हिट गाण्यात तो अमेरिकेत रेडिओवर घरोघरी पोचला, आणि १९६७ च्या आसपास लंडनमध्ये सगळ्यांनाच त्याचं वेड लागलं. बीटल्सचा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन ह्याने एक किस्सा सांगितलाय की लेननने त्याला एकाच गायकाचा आवाज टेपवर दोनदा गायल्यासारखा कसा करतात विचारलं आणि त्याने थापा मारत काहीतरी लांबलचक बोगस शास्त्रीय नाव ठोकून दिलं ज्यात फ्लँज शब्द होता, आणि मग लेनन तो शब्द वापरत राहिला. खरं नाव कुठून आलं ह्यावर लोक अजून भांडतात. भांडू देत.

मला स्वतःला ते बोट टेकवणं फार जवळचं वाटतं कारण आम्ही लहानपणी टू-इन-वनचं झाकण उघडून कॅसेटच्या चकतीला बोट लावून गायकाला रडवायचो. मार पडायचा.

पण दोन टेप मशीन पायाखाली मावत नाहीत. ती सोय केली एका चिपने. १९६९ मध्ये फिलिप्सच्या लॅबमध्ये सँगस्टर आणि टीअर ह्या दोघांनी बकेट ब्रिगेड नावाची भानगड काढली, म्हणजे आग विझवताना लोक ओळीने उभे राहून बादली हातोहात पुढे देतात तसं. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी बघा, खालपासून वरपर्यंत माणसांची रांग, घमेलं ह्या हातातून त्या हातात, मिक्सरजवळ भरलेलं घमेलं वर पोचायला जो वेळ लागतो तो डिले. चिपमध्ये घमेल्यात काँक्रीटच्या जागी विजेचा भार, आणि माणसं १०२४. मुकादम जेवढ्या जोरात ओरडेल तेवढी घमेली पटापट, उशीर कमी. मुकादम म्हणजे क्लॉक, चिपला ठेका देणारं घड्याळ. १०२४ ची रांग १०० किलोहर्ट्झवर चालवली तर पाच मिलिसेकंद आणि वर थोडं. आणि फ्लँजर म्हणजे काय, तर मुकादमाचा मूड सतत हळूहळू बदलत ठेवणे. घमेल्यातून थोडं सांडतं पण, वरपर्यंत पोचेतो आवाज जरा मळतो, वरचे स्वर बोथट होतात, आणि लोकांना तोच मळकेपणा आवडतो, म्हणून अजून असली जुन्या पद्धतीची पेडलं विकली जातात. १९७६ ला इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं इलेक्ट्रिक मिस्ट्रेस असंच आलं, पोलीस बँडच्या अँडी समर्सचा तो चमचमता आवाज बऱ्याच अंशी त्याचा. त्यात एक बटण होतं ज्याने आवाजाचं फिरणं थांबवून फणी एका जागी गोठवता यायची, म्हणजे माझा दुसऱ्या दिवसाचा शोध त्यांनी माझ्या जन्माआधीच विकायला ठेवला होता.

आता आईकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे घडला.

आई गाते. मैफली वगैरे नाही, पण गेली तीस-पस्तीस वर्षं क्लास, रियाज, गुरुपौर्णिमा हे चालू आहे. घरात मिरजेचा एक तंबोरा आहे, पण तिच्या बोटांना आता तो जमत नाही, त्यामुळे मोबाईलवर तंबोऱ्याचं अॅप लावते आणि रोज त्याला नावं ठेवते. एका संध्याकाळी मी डिस्टॉर्शन बंद करून, अगदी सावकाश स्पीडवर, रीजेन निम्म्यावर ठेवून नुसत्या मोकळ्या तारा छेडत बसलो होतो. सगळ्यात जाडी तार डी ला उतरवलेली, म्हणजे खालच्या तीन तारा डी, ए, डी. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "हा सा-प-सा कुणाचा आहे?"

मी म्हटलं, कुणाचा म्हणजे? गिटारचा.

"माझा काळी चार आहे. चारला लाव."

मी सहाव्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर नेणारा चाप) लावला, डी चा जी शार्प झाला, काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. मग तिने सांगितल्या क्रमाने, मधली तार पंचम, तिच्याखालची षड्ज दोनदा, आणि जाडी तार खर्ज. प, सा, सा, सा. ती पलंगाच्या कडेला बसली आणि डोळे मिटले. मला वाटलं आता गाईल. ती म्हणाली, "जवारी बिघडलीय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला अगदी बारीक बाक असतो आणि तार छेडली की ती त्या बाकावर घासत थरथरते, तारेखाली सुताचा एक धागा असतो, तो केसभर मागेपुढे केला की मधूनच आवाज खुलतो आणि तारेतून एकापाठोपाठ एक वरचे स्वर बाहेर यायला लागतात. ती जवारी. खुली, बंद, असे तिचे प्रकार. मिरजेत घोडी घासून ती जमवणारे लोक पिढ्यानपिढ्या आहेत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते ह्याच हातांमुळे. तर आईला माझ्या पेडलमध्ये जवारी ऐकू आली, आणि ऐकू आल्याआल्या तिने तिच्यात खोट काढली.

"बिघडलीय म्हणजे?"

"अरे फिरतेय ती. आपापली फिरतेय. तू तार छेडतोस तेव्हा ती कुठेतरी मध्येच असते. तंबोऱ्याची प्रत्येक छेडीला उमलते आणि मिटते. हिला तुझ्याशी काही देणंघेणंच नाही."

मी गप्प. कारण हे शंभर टक्के बरोबर होतं. पेडलमधला मुकादम आपल्या घड्याळावर चालतो, मी तार कधी छेडली त्याला माहीतच नसतं. तंबोऱ्यात कॉपी नाही, उशीर नाही, फणीबिणी काही नाही, तिथे तार आणि घोडी एकमेकींना शिवतात आणि त्यातून स्वर फुटतात, कारण पूर्ण वेगळं. फिजिक्सवाल्याला हे दोन प्रकार वेगळे सांगायला दोन पानं लागली असती. तिने कानाने एका वाक्यात सांगितले.

मग मात्र आम्ही दोघं त्याच्या मागे लागलो. चार छेडींचं एक आवर्तन साधारण पाच सेकंदांचं, तर स्पीड असा लावायचा की गिरकीलाही पाचच सेकंद लागतील. घड्याळ लावून नॉब केसाकेसाने सरकवत बसलो. "जरा कमी. अजून. आता जास्त झालं. रीजेन का काय ते, ते खाली घे, कानात टोचतंय." विड्थ जवळजवळ बंद. साडेनऊ वाजले, बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली. मग लूपरमध्ये ती चार छेडींची फेरी रेकॉर्ड केली आणि लूपरच्या पुढे फ्लँजर जोडला, म्हणजे माझी बोटं मोकळी. आता फेरी कायम सारखीच, पण गिरकी तिच्याशी अगदी तंतोतंत जुळत नाही, एखाद्या मिनिटाला थोडी सरकते, परत कधीतरी जुळते, त्यामुळे दोन फेऱ्या एकसारख्या वाजत नाहीत. आईला हे आवडलं. अॅपमधला तंबोरा कायम तोच तोच असतो ही तिची जुनी तक्रार. पंधरा वॅटचा तो टुकार प्रॅक्टिस अँप (गिटारचा स्पीकर), त्यातून काळी चारचा षड्ज, आणि तिने यमनचा निषाद लावला. मी नंतर जेवण गरम करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या लाल नेलपॉलिशने चारही नॉबवर आईच्या सेटिंगचे ठिपके दिले.

बँडची प्रॅक्टिस शनिवारी असते. तिथे पेडल नेलं, ठिपक्यांवरून सरकवून माझं विमान लावलं, आणि ड्रमरने दुसऱ्याच गाण्यात हात वर करून सांगितलं की हे जर पूर्ण गाणंभर चालू ठेवणार असशील तर मी घरी जातो. शेवटी बारा गाण्यांत एका गाण्याच्या शेवटी चार मात्रांची आठ आवर्तनं, एवढंच ठरलं. मोजून वीसेक सेकंद. त्यातही पहिल्या वेळी दाबायला विसरलो. वर्गात पण एकदा घेऊन गेलो, पोरांना फणी ऐकवली, पाच मिनिटं सगळे एकदम शांत होते आणि मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, सर हे बोर्डाला येतं का.

येत नाही असं सांगावं लागलं.

सध्या अँप, लूपर आणि ते पेडल आईच्या खोलीत असतं, खुर्चीवर टॉवेल अंथरून त्यावर मांडलेलं, कारण तिला वाकून पायाशी बटण दाबणं जमत नाही, ती हातानेच दाबते. परवा शुक्रवारी मी म्हटलं, उद्या मला पेडल लागेल.

"किती वाजता?"

"प्रॅक्टिस सहाला आहे."

"मग पाचला ने," ती म्हणाली. "सकाळी हात लावू नकोस, सकाळी मला लागतं. आणि ठिपके हलवलेस तर परत जागेवर आणून ठेव."